काकांच्या हातातले चोवीस सेकंद

ती बास्केट मी रद्द का केली, हे मला आजही समजावून सांगावं लागतं. जव्हारच्या बाजारात भाजी घेताना, झेरॉक्सच्या दुकानात, कॉलेजच्या नळावर. एकदा तर दवाखान्याच्या रांगेत पुढच्या बाईने वळून विचारलं, "तूच ना ती, खोडाळ्याच्या पोरींना हरवणारी?" मी कुणालाही हरवलेलं नाही. मी पंच होते. पण हे वाक्य सुरू केलं की पुढे बास्केटबॉलचा अख्खा नियम सांगावा लागतो, आणि नियम अर्ध्यावर आला की समोरच्याची गाडी तरी येते, नाहीतर नंबर तरी लागतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. मला लिहिण्याची फारशी सवय नाही. कुठे अडखळले तर सांभाळून घ्यावं.

आधी नियम, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. बॉल ज्या संघाकडे असतो, त्याने चोवीस सेकंदांच्या आत शॉट मारायचा. भोंगा वाजण्याआधी बॉल हातातून सुटलेला असला पाहिजे आणि तो रिंगला लागला पाहिजे. नुसता मागच्या बोर्डावर आपटून परत आला तर चालत नाही, घड्याळ पुढे चालूच राहतं. वेळ संपली की बॉल समोरच्या संघाला. एवढंच आहे. हा नियम नसेल तर एका गुणाने पुढे असलेला संघ बॉल घेऊन नुसता इकडून तिकडे फिरत बसेल आणि बघणारे घरी जातील.

हे चोवीस सेकंद मोजणारं घड्याळ वेगळं असतं आणि सामन्याची एकूण वेळ दाखवणारं वेगळं. त्या दुसऱ्याबद्दल इथे तक्रार नाही. पहिल्याला शॉट क्लॉक म्हणतात. ते चालवणारा माणूस मैदानाबाहेरच्या टेबलावर बसतो. त्याच्या हातात वायर लावलेला एक छोटा डबा असतो आणि डब्यावर बटणं, चालू, बंद, पुन्हा पहिल्यापासून. त्याचं काम बरोबर असलं तर तो तिथे आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. तो चुकला की शिव्या पंचाला बसतात.

आमच्याकडे तो माणूस म्हणजे काका.

काका पूर्वी बसस्थानकावर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठे लावायची, कधी सोडायची, सगळं त्यांच्या शिट्टीवर. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी बसवेना. कॉलेजच्या मैदानाला लागूनच त्यांचं घर, त्यामुळे कसल्याही स्पर्धा असल्या की ते सगळ्यांच्या आधी हजर. चुन्याच्या रेषा मारायला, पाण्याचे ड्रम भरून घ्यायला, लाउडस्पीकरची वायर ओढायला. घाटाखालच्या एका शहरातल्या क्लबने नवीन घेतल्यावर जुनं शॉट क्लॉक आमच्या कॉलेजला दिलं, तेव्हा ते कोण चालवणार हा प्रश्नसुद्धा कुणाला पडला नाही. ज्याने आयुष्यभर गाड्या सोडल्या त्याच्याइतकी वेळ कुणाला कळणार? आमच्या क्रीडा शिक्षकांनी, म्हणजे सरांनी, तो डबा काकांच्या हातात दिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

काका गाड्या कशा सोडायचे हे मात्र कुणी नीट आठवून पाहिलं नाही. वेळ झाली की ते शिट्टी तोंडात धरायचे, एकदा रस्त्याकडे बघायचे, आणि कुणी पळत येताना दिसलं तर शिट्टी खिशात जायची. मग बॉनेटवर हात ठेवून ड्रायव्हरला म्हणायचे, "थांब जरा. पोर येतेय."

ती पोर पुष्कळदा मीच असायचे. अकरावीपासून माझा शेवटचा तास आणि आमच्या साखरशेतकडे जाणारी गाडी यांची वेळ एकच होती. मी दप्तर छातीशी धरून उताराने पळत यायचे आणि गाडी उभी असायची. आतले लोक कुरकुरत असायचे. काका म्हणायचे, "चढ, चढ. धाप बसल्यावर टाक." ती गाडी थांबली नसती तर माझं शिक्षण केव्हाच सुटलं असतं, हे मी नाकारत नाही. लोक हेच मला ऐकवतात, जणू मला माहीतच नाही.

मी पंच कशी झाले तेही थोडं सांगते. मी कधीच खेळाडू नव्हते. उंची नाही, आणि बॉल अंगावर आला की डोळे मिटायचे. पहिल्या वर्षाला सरांनी विचारलं, नियमांचं पुस्तक कोण वाचेल? कुणीच हात वर करेना, तेव्हा मला सरांची दया आली आणि मी केला. पुस्तक इंग्रजीत होतं. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. वाचता वाचता आवडायला लागलं. का, ते नीट सांगता येत नाही. आमच्या घरात आजवर कुणी कुणाला "थांबा" म्हटलेलं नाही. वडील वीटभट्टीवर जातात, तिथे मुकादम म्हणतो. आई दुसऱ्यांच्या शेतावर भातलावणीला जाते, तिथे मालकीण म्हणते. या पुस्तकात मात्र पंचाने शिट्टी वाजवली की सगळे थांबत होते. तो पंच कुठल्या पाड्यावरचा, हे पुस्तकात कुठेच विचारलेलं नव्हतं.

आईला हे सांगायचा मी एकदा प्रयत्न केला.

"मंग तू खेळतेस?"

"नाही."

"खेळ शिकवतेस?"

"नाही गं. शिट्टी वाजवते."

"शिट्टी वाजवायला कॉलेजात जायला लागतं?" आई म्हणाली आणि नागलीचं पीठ मळायला लागली.

पंच परीक्षेचा लेखी पेपर मी पास झाले. प्रॅक्टिकल राहिलं होतं. ते म्हणजे खऱ्या सामन्यात मुख्य पंच म्हणून उभं राहायचं आणि जिल्ह्याहून आलेल्या परीक्षकांनी बाहेर बसून बघायचं. त्यात पास झालं तरच तालुक्याबाहेर सामन्यांना बोलावतात. नाहीतर आपल्याच मैदानावर गुण लिहीत बसायचं. आमच्या कॉलेजात दोन दिवसांची मुलींची शालेय स्पर्धा होती आणि त्यातला पहिल्या दिवसाचा उपांत्य सामना मला मिळाला. खोडाळ्याच्या मुली विरुद्ध खालच्या शहरातल्या एका शाळेच्या मुली. परीक्षक एक मॅडम होत्या, केस अगदी बारीक कापलेल्या, एकेकाळच्या खेळाडू. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "मी इथे नाही असं समज." असं सांगितल्यावर कुणाला तसं समजता येतं ते मला माहीत नाही.

सकाळी उद्घाटनाला नारळ फुटला, हार-शाली झाल्या. एक हार काकांना होता, एवढी वर्षं सेवा केली म्हणून. ते शाल अंगावर तशीच ठेवून टेबलावर बसले आणि डबा मांडीवर घेतला. मी जाऊन म्हटलं, "काका, सगळं नीट चालतंय ना?" ते म्हणाले, "तू तुझं बघ. मी हायवेच्या गाड्या सांभाळल्यात."

पहिली गडबड शालीमुळे झाली. शालीचं टोक बटणांवर आलं, ते सारायला गेले आणि भोंगा वाजला. वेळ संपलेली नव्हती. अशा चुकीच्या भोंग्याकडे लक्ष द्यायचं नाही, खेळ चालू ठेवायचा, असा नियम आहे. मी हात फिरवून ओरडले, "खेळा, खेळा!" पण खोडाळ्याच्या मुली वसतिगृहात राहणाऱ्या. त्यांचं उठणं घंटेवर, जेवण घंटेवर, अभ्यास घंटेवर. जिच्या हातात बॉल होता, तिने भोंगा ऐकला आणि बॉल शहाण्यासारखा खाली ठेवून दिला. शहरातल्या मुलीने तो उचलला आणि पळत सुटली.

मी शिट्टी वाजवली. चुकीच्या भोंग्यामुळे बॉल असलेल्या संघाचं नुकसान झालं तर सामना थांबवायचा, घड्याळ दुरुस्त करायचं आणि बॉल त्याच संघाला परत द्यायचा. हेही पुस्तकात आहे. शहरातल्या संघाचे प्रशिक्षक लगेच उभे राहिले. "पंच, तिने स्वतः बॉल सोडला!" मी म्हटलं, "भोंगा चुकून वाजला सर." ते म्हणाले, "भोंगा कुणाचा आहे? तुमचा ना?" माझा जोडीदार पंच बाहेरगावचा होता, अनुभवी. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे निर्णय बरोबर आहे. त्या मान हलवण्याने मला फार बरं वाटलं. मी टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "काका, शाल जरा काढून ठेवता का, प्लीज?" काकांनी शाल काढली. घडी करून मांडीवर ठेवली. डब्यावर.

पण शाल म्हणजे काहीच नव्हतं. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की काही वेळा चोवीस सेकंद जरा जास्तच लांबतायत. पंचाला मनात मोजायची सवय लागते. माझे सेकंद संपायचे आणि बोर्डावर दोन-तीन शिल्लक असायचे. मला वाटलं, मीच घाबरून भरभर मोजतेय. मग एकदा खोडाळ्याच्या मुलीने उडी मारली तेव्हा मी मुद्दाम बोर्डाकडे पाहिलं. दोनवर आकडा थिजला होता. बॉल तिच्या हातातून सुटला आणि आकडा पुन्हा चालू झाला.

पुढचा टाइमआउट झाला तेव्हा मी टेबलाकडे गेले. "काका, बटण अडकतंय का?"

"नाही गं. मीच थांबवतो."

"का?"

"ती टाकतच होती ना! दोन सेकंदांसाठी कशाला अडवायचं लेकराला?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "पण काका, म्हणूनच तर घड्याळ आहे."

"आहे ना. मी कुठे नाही म्हणतो? पण उगाच बटण दाबलंय का मी? जी नुसती उभी असते तिच्यासाठी नाही थांबवत. जी धडपडतेय तिच्यासाठी थांबवतो." आणि अगदी प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "दोन्हीकडच्या पोरींना सारखाच न्याय आहे माझा. त्या शहरवाल्यांसाठी पण थांबवलं की मघाशी. विचार त्यांना."

मी विचारणार नव्हते. त्यांच्या प्रशिक्षकांना हे कळलं असतं तर त्यांनी टेबल उलटं केलं असतं. मी हात जोडले. खरंच जोडले, सामना चालू असताना, पंचाच्या शर्टात. "काका, प्लीज. माझी परीक्षा आहे. आकडा शून्यावर जाऊ द्या." ते म्हणाले, "बरं बरं, जाऊ देतो. एवढं तोंड कशाला पाडतेस?" आणि मी परत फिरले तेव्हा स्कोअर लिहिणाऱ्याला म्हणत होते, "पोर घाबरली परीक्षेला."

मध्यंतरात मी सरांना गाठलं. म्हटलं, शॉट क्लॉकवर दुसरं कुणीतरी बसवा.

सर बिस्किट खात होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला उठवायचं? त्यांना? अगं, सकाळी हार घातलाय आपण."

"हार वेगळा सर, हे वेगळं."

"तुला वेगळं वाटतं. त्यांना वाटेल का?" मग हळू आवाजात म्हणाले, "आजचा दिवस निभावून ने. तू हुशार आहेस."

हुशार आहेस म्हणून निभावून ने, हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकल्यावर माझ्या तोंडातून आपोआप "हो सर" निघतं. तेव्हाही निघालं. मुख्य पंचाला टेबलावरचा माणूस बदलायचा अधिकार असतो. सरांना विचारायचीसुद्धा गरज नसते. हे मला तेव्हा पाठ होतं, लेखी परीक्षेत मी ते लिहिलं होतं.

दुसऱ्या अर्ध्यात काकांनी बऱ्यापैकी ऐकलं. मधून एखादा सेकंद अडायचा, मी टेबलाकडे बघायचे, ते माझ्याकडे बघून "चुकून, चुकून" असा हात करायचे. सामना रंगला. खोडाळ्याच्या मुली शेवटच्या मिनिटात फक्त एका गुणाने मागे होत्या. मैदानाच्या कडेला माणसं उभी राहिली होती, मोखाड्याकडून आलेली, बाजारातून सरळ इकडे वळलेली. पिशव्या खाली ठेवून ओरडत होती.

सामन्याच्या घड्याळात पन्नास सेकंद उरले असताना बॉल खोडाळ्याकडे आला. मी तो आकडा मनात धरला. सवय म्हणून नाही, भीती म्हणून धरला. पन्नासमधून चोवीस गेले सव्वीस. सामन्याच्या घड्याळात सव्वीस दिसायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे.

मुली घाईत होत्या. एकीने लांबून शॉट मारला, तो नुसता बोर्डावर आपटला. रिंगला लागला नाही, म्हणजे शॉट क्लॉक चालूच. त्यांच्या कप्तान मुलीने बॉल पकडला आणि तिचा पाय घसरला. ती गुडघ्यावर पडली, बॉल सुटला, तिने तो पुन्हा ओढून घेतला, उठली, एकीला चुकवलं आणि उडी मारली. बॉल सरळ आत गेला.

असा आवाज त्या मैदानावर मी कधी ऐकला नव्हता. कुणीतरी पिशवी वर फेकली, त्यातली वांगी मैदानात आली. खोडाळ्याच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सामन्याच्या घड्याळात बावीस. शॉट क्लॉकचा बोर्ड तीनवर थिजलेला. भोंगा वाजलाच नव्हता.

मी शिट्टी वाजवली. जोडीदार धावत आला. "रिंगला लागला होता का पहिला?" मी विचारलं. "नाही. नुसता बोर्ड." "बॉल कधी सुटला?" "तेवीस-चोवीसला. सव्वीसच्या आधी नक्की नाही." घड्याळ चुकून थांबलं आणि त्या चुकलेल्या वेळात बास्केट झाली, तर चूक झाली नसती तर भोंगा कधी वाजला असता ते पंचांनी ठरवायचं. बॉल त्यानंतर सुटला असेल तर बास्केट नाही. जोडीदार म्हणाला, "मुख्य पंच तू आहेस."

मी टेबलाकडे गेले. काकांचा अंगठा अजून बटणावर होता आणि डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं.

"काका, तुम्ही घड्याळ थांबवलं?"

"पडली होती ना ती! पडलेल्या लेकराला उठू तर देशील?"

मी मैदानाकडे वळले आणि दोन्ही हात छातीसमोर आडवे फिरवले. बास्केट रद्द. मग बोटांनी खांद्याला स्पर्श करून चोवीस सेकंदांची खूण केली आणि बॉल शहरातल्या संघाला दिला.

सगळ्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं.

"आपलीच पोरगी आपल्यालाच बुडवते!" हे पहिलं. "शहरवाल्यांनी काय दिलं गं तुला?" हे दुसरं. बाकीचं लिहिण्यासारखं नाही. खोडाळ्याची कप्तान माझ्याकडे आली. तिचा गुडघा फुटला होता. बोर्डाकडे बोट दाखवून उभी राहिली. तिथे तीन आकडा स्पष्ट दिसत होता. तिच्या बाजूने ते अगदी खरं होतं. तिला बोर्डावर तीन सेकंद दिसले आणि ती तेवढ्या वेळात खेळली. चूक तिची नव्हतीच. हे मी तिला कसं सांगणार होते?

आणि मग काका उठून उभे राहिले. डबा टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्यासाठी गाडी थांबवायचो तेव्हा नाही आठवला नियम?"

लोक हसले. टाळ्यासुद्धा पडल्या. माझे कान इतके तापले की मला माझीच शिट्टी ऐकू आली नाही. पण वाजवली. उरलेले बावीस सेकंद खेळले गेले आणि खोडाळ्याच्या मुली एका गुणाने हरल्या.

मॅडमनी मला मैदानामागे बोलावलं. मला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल की बरोबर केलंस.

"निर्णय बरोबर होता," त्या म्हणाल्या.

मी श्वास सोडला.

"पण तो निर्णय घ्यायची वेळ तू आणलीस. घड्याळ थांबतंय हे तुला पहिल्या अर्ध्यातच कळलं होतं. हो ना? तू काय केलंस?"

"सांगितलं मॅडम."

"सांगितलं नाहीस. हात जोडलेस. मी बघितलं. पंच विनंती करत नाही. चूक दिसली, कुणाचं नुकसान होत नसलं, की तिथल्या तिथे सामना थांबवायचा, आकडा दुरुस्त करायचा, पुढे जायचं. तू साठवत गेलीस. मग सगळी किंमत त्या मुलीने दिली, पडलेल्या." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आज मी तुला पासही करत नाही आणि नापासही. उद्या तिसऱ्या क्रमांकाचा सामना तू घे. टेबलावर कोण बसेल ते तू ठरव."

त्या दिवशी घरी जाताना मला कुणाचा जास्त राग आला होता ते ठरवता येत नव्हतं. काकांचा यायला हवा होता, तो येत नव्हता. कारण त्यांनी खरंच दोन्हीकडच्या मुलींसाठी थांबवलं होतं. सरांचा थोडा आला. सगळ्यात जास्त चीड त्या "थांब जरा"ची आली. माझं सगळं ज्याच्यावर चाललं होतं, तेच आता माझ्या आड आलं होतं. आणि हे कुणापुढे बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर मी कृतघ्न ठरले असते.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या गाडीने गेले. काका मैदानावर होतेच. ओल्या फडक्याने शॉट क्लॉकचे बोर्ड पुसत होते.

मी म्हटलं, "काका, आज तुम्ही शॉट क्लॉकवर बसायचं नाही."

आयुष्यात मी मोठ्या माणसाला पहिल्यांदाच "नाही" असं संपणारं वाक्य बोलले असेन. त्यांनी फडकं पिळलं.

"कोण बसणार?"

"माझ्या वर्गातली एक मुलगी. तिला काल संध्याकाळी सांगितलंय."

"ती टिकेल?"

"ती कुणासाठी चहासुद्धा थांबवत नाही."

"बरं बाई. साहेब झालीस." त्यांनी बोर्ड नीट ठेवला, सरळ आहे का ते लांबून पाहिलं आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं. फार वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही.

पण सरांना ते बघवलं नाही. सामना सुरू व्हायच्या आधी सरांनी काकांना परत आणलं आणि त्यांच्या हातात माईक दिला. मला न विचारता. "तेवढाच मान राहतो," असं मला कानात म्हणाले.

सामना होता जव्हारच्या एका शाळेचा, खोडाळ्याच्याच मुलींशी. म्हणजे काल जिची बास्केट रद्द केली, ती कप्तान पुन्हा माझ्यासमोर, गुडघ्याला पट्टी बांधून. आणि डोक्यावर लाउडस्पीकरमधून काकांचा आवाज, अगदी बसस्थानकावरचा. "लक्ष द्या. लाल ड्रेसमधील सहा नंबरच्या खेळाडूने आपली बुटाची लेस बांधून घ्यावी. मुलींच्या पालकांनी मोटारसायकली मैदानातून काढाव्यात." लोकांना मजा येत होती. मी दात आवळून शिट्टी वाजवत होते. एका कोपऱ्यात मॅडम बसल्या होत्या, इथे नसल्यासारख्या.

दुसऱ्या सत्रात खोडाळ्याच्या कप्तानकडे बॉल होता आणि तिला दोघींनी अडवलं होतं. बोर्डावर सहा, पाच. आणि लाउडस्पीकर ओरडला, "थांबा, थांबा! टाकतेय ती! टाकतेय!"

डबा हातात असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीचा काही दोष नाही. सगळ्या जव्हारला तो आवाज ऐकून थांबायची सवय आहे. तिचा अंगठा आपोआप बटणावर गेला. आकडा चारवर थिजला.

मी लगेच शिट्टी वाजवली. बॉल अजून कप्तानच्याच हातात होता, कुणाचं काही गेलं नव्हतं. बॉल त्यांचाच ठेवला, जोडीदाराला विचारून आकडा तीनवर आणायला सांगितला. मग टेबलापाशी गेले. हात पाठीमागे बांधले, पुन्हा जोडले जाऊ नयेत म्हणून.

"काका, माईक बंद करा. सामना संपेपर्यंत सुरू करायचा नाही."

सगळं मैदान ऐकत होतं, कारण माईक अजून चालूच होता. माझा आवाज मलाच लाउडस्पीकरमधून ऐकू आला. तो थरथरत होता. पण वाक्य पूर्ण होतं.

काकांनी माईक तोंडापासून खाली घेतला. मग बटण बंद केलं. माईकशिवाय, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तीन सेकंदांत तिला काय जमणार?"

तिला जमलं नाही. तिने घाईत बॉल फेकला, रिंगला लागून बाहेर गेला. पण फेकला वेळेत, आणि माझ्याकडे न बघता मागे पळाली. पुढे खोडाळ्याच्या मुली बऱ्याच फरकाने जिंकल्या. त्याचं श्रेय किंवा दोष मला कुणीच दिला नाही. त्या सामन्याची आठवणसुद्धा कुणाला नाही.

मॅडमनी मला पास केलं. शेऱ्यात लिहिलं, "टेबलाला सूचना स्पष्ट." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मंग आता दुसरीकडं पण वाजवशील?" मी म्हटलं, हो, दुसरीकडे पण.

पहिल्यांदा तालुक्याबाहेर सामन्यांना निघाले त्या सकाळी काका बसस्थानकावर होते. निवृत्त झाले तरी सकाळी तिथल्या बाकावर बसतातच. स्पर्धेनंतर आम्ही बोललो नव्हतो. मी पंचाच्या शर्टाची पिशवी घेऊन त्यांच्यापुढून जायला लागले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"ए साहेब. एक खरं सांग. त्या दिवशी ती पोर टाकतच होती की नाही?"

मी थांबले. पुन्हा नियम पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं. बोर्ड, रिंग, पन्नासमधून चोवीस गेले सव्वीस. मग मिटलं.

"टाकत होती काका."

"बघ!" ते शेजारच्या पेपरवाल्याकडे वळून म्हणाले. "मी काय म्हणत होतो? टाकत होती, असं पंच स्वतः म्हणतेय!"

"पण काका, वेळ..."

"जा, जा," काका म्हणाले. "गाडी सुटेल तुझी."

गाडी खरंच सुटत होती. मी पळाले.